ओळीतल्या मुशी

दिवाकर गेल्याचा निरोप आला तेव्हा मी कारंज्यातल्या माझ्या दुकानात एका गिऱ्हाइकाशी भोंग्याच्या भावावरून भांडत होतो. कॉलेजचा शिपाई दारातून म्हणाला, "शेठ, सर गेले." मी त्याला हातानेच थांबवले, सौदा पक्का केला आणि मग विचारले, "कोणते सर?" माझ्या ओळखीचे सर एकच होते...

दिवाकर आणि मी मानोरा गावच्या एकाच वस्तीतले. धम्मदीक्षेनंतर आमच्या आईबापांनी देव्हारे रिकामे केले आणि पोरांच्या हाती पाट्या दिल्या. त्याने पाटी धरून ठेवली आणि कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवू लागला. मी बसस्टँडवर ओझी उचलली, रेडिओ दुरुस्ती शिकलो, दुकान टाकले. तो लोखंडाच्या ऑक्साइडमध्ये जस्त मिसळून साध्या सूक्ष्मदर्शकातही न दिसणाऱ्या कणांची काळी भुकटी बनवायचा. त्यासाठी विजेची भट्टी मीच अकोल्याच्या एका बंद कारखान्यातून घासाघीस करून आणून दिली. हा चुंबक बनवील, मी भोंग्यात घालून विकीन, असा माझा साधा बेत.

"याचं चुंबक भोंग्याले चालत नाही रे," तो म्हणायचा. "दुसरं चुंबक जवळ धरलं तोवरच याच्यात जोर. काढलं का सारं विसरते."

"मंग कायले भाजून राह्यला?"

"जस्त थोडं घातलं तर जोर वाढते, लय घातलं तर पडते. काहून, ते पाहून राह्यलो."

"म्हंजे बिनकामाचं!"

"अगदी. तुले आन् मले बी लोक हेच म्हणत होते."

तो हसायचा आणि माझे डोके फिरायचे. इतक्या वर्षांत त्याने मला एकही चुंबक दिले नाही, हे मनात डाचत राहिले. म्हणून त्याच्या मरणानंतरचा जलदान विधी उरकताच मी भट्टी आणायला कॉलेजात गेलो. प्राचार्य म्हणाले, वस्तू कॉलेजच्या खोलीत आहे, म्हणजे कॉलेजची. "भट्टी माही हाये! तुमचा छाप दाखवा कुठी हाये तो!" मी असा आवाज चढवला की त्यांनी नाद सोडला. भट्टीचे दार तारेने आवळले, ती बैलगाडीत घातली आणि खडकाळ रस्त्याने आणली.

दुकानात दार उघडले तर आतल्या भुकटी भाजायच्या मुशी आडव्या पडलेल्या, सगळी भुकटी एका ढिगात. दुसऱ्या दिवशी त्याच्या हाताखाली शिकवणाऱ्या कुंदा मॅडम आल्या, आत पाहिले आणि खालीच बसल्या.

"वर्षभराचं काम एकदम भाजलं होतं सरांनी, भाऊ. भट्टी थंड होत होती आणि त्यांच्या छातीत कळ आली. जलदान होईपर्यंत मी हात लावला नाही. आता नागपूरले क्ष-किरण तपासणी करून सरांच्या नावानं निबंध छापायचा होता."

"मुशीवर खूण काहून नाही केली?" मी तिथेही ओरडलोच.

"आगीत शाई टिकते का? दाराजवळ कमी जस्त, मागं वाढत गेलेलं. ओळ हीच खूण."

दिवाकरच्या बायकोला सांगायला गेलो. वहिनी म्हणाल्या, "भट्टी तुमचीच होती, भाऊजी." त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर मला मान वर करता आली असती...

भट्टी मी कॉलेजात परत पोचवली. मॅडमनी काम पहिल्यापासून सुरू केले आहे. गावातली कापसाची जिनिंग बंद असली की विजेचा दाब टिकतो, म्हणून दिवाकर त्याच दिवशी भट्टी लावायचा. आता मॅडम लावतात. त्या दिवशी मी दुकान बंद ठेवतो आणि तिथे भुकटी खलायला बसतो. खल त्याचाच आहे. बत्त्याच्या दांड्यावर त्याच्या अंगठ्याने गुळगुळीत केलेली जागा आहे. माझा अंगठा तिथे नीट बसत नाही.

परवा मी विचारले, "निबंधावर नाव सरांचंच टाकाल ना?"

"आभार मानीन, भाऊ. नाव टाकता येत नाही. हे त्यांनी केलेलं नाही."

सौद्यात पहिल्या बोलीवर मी आयुष्यात कधी गप्प बसलो नाही. बत्त्याखाली अजून खरखर लागत होती... मी फिरवत राहिलो.