नवा पडदा आणि लंकाबाईचा आरसा

पहिलं रीळ संपलं होतं. दुसरं चढवायला मी वाकलो आणि मान वर केली, तर समोर एक बाई उभी. वय तिशीच्या आसपास. हातात भिंतीला टांगतात तसला छोटा आरसा.

"साहेब, पडदा बदलला व्हय?"

मला फार आनंद झाला. नव्या पडद्याची दखल घेणारी ती पहिलीच व्यक्ती होती. "हो, नवाकोरा आहे. कसा वाटला?"

"मागून काहीच दिसंना."

हे सत्तरच्या दशकातलं सांगतोय. मी सरकारी प्रसिद्धीच्या खात्यात होतो. तेव्हाच्या औरंगाबादेतून आमची व्हॅन निघायची आणि गावोगाव माहितीपट दाखवायची. कुटुंबनियोजन, लसीकरण, अस्पृश्यता निवारण. व्हॅनमध्ये जनरेटर, सोळा एमएमचा प्रोजेक्टर, दोन बांबू आणि पडदा. माणसं दोन. ड्रायव्हर बशीरभाई आणि मी. मी बी.ए. होतो. आमच्या घराण्यात सही करणाराच मी दुसरा, त्यामुळं बी.ए. मी नावाच्या आधी सांगायचो. बशीरभाईला तर रोज सांगायचो.

व्हॅनमध्ये पडदा होता तो साध्या मांजरपाटाचा. प्रोजेक्टरचा निम्मा उजेड कापडातून पलीकडं निघून जायचा आणि पुढच्या लोकांना चित्र फिकं दिसायचं. खरा पडदा मागून काळ्या कापडाचा असतो, तो उजेड अडवून धरतो. तसला पडदा मिळावा म्हणून मी वर्षभर अर्ज केले. भाषा अशी की जणू गोदावरीवर धरण मागतोय. शेवटी पडदा आला. त्या दिवशी पैठण तालुक्यातल्या या गावात तो पहिल्यांदा बांधायचा होता. बशीरभाई म्हणाला होता, "साब, पुरानाच अच्छा था." मी त्याला प्रकाशाचं शास्त्र समजावून सांगितलं होतं. माझा विषय इतिहास.

"अहो, मागं कशाला बसता? पुढं या," मी बाईला म्हणालो.

तिनं माझ्याकडं बघितलं. मग पुढं अंथरलेल्या सतरंजीकडं बघितलं. तिथं सरपंच आणि गावातली वजनदार मंडळी बसली होती.

बोलला बशीरभाई. हळूच. "साब, पीछे भी पब्लिक है. बौद्धवाड्याची. हर गांव में रहती."

"मला कधी सांगितलं नाहीस?"

"आप पूछेच नहीं."

मी पाचोडकडच्या शेतकऱ्याचा पोरगा. आमच्याकडं सिनेमा आला की आम्ही पुढंच बसायचो. पडद्याला मागची बाजू असते आणि तिथून सगळं उलटं दिसतं, हे मला बी.ए.ला कुणी शिकवलं नव्हतं. आणि आम्ही दाखवत काय होतो? सामाजिक समतेवरचा माहितीपट. पन्नासेक गावांत दाखवला होता. अहवालात दर वेळी लिहायचो, सर्व समाजांनी एकत्रित आस्वाद घेतला.

बाईचं नाव लंकाबाई. तिला आस्वाद घ्यायचा नव्हता, काम होतं. गावच्या विहिरीवर त्यांच्या वाड्यातल्या बायकांनी लांब उभं राहायचं आणि कुणी ओतलं तर पाणी न्यायचं. आठवड्यापूर्वी तिनं स्वतः पाणी शेंदायला घागर पुढं केली, तर कुणीतरी ती लाथेनं उडवली. तक्रार करते म्हणाली, तर सरपंच म्हणाला, असला काही कायदाच नाही.

"तुमच्या शिनेमात शेवटी लिहून येतंय. ते शब्द पायजेत," ती म्हणाली. "त्याच्यावरूनच कागद करायचाय."

दोन महिन्यांपूर्वी आम्ही हाच माहितीपट तिथं दाखवला होता, तेव्हा तिनं तो मागून पाहिला होता. प्रौढांच्या वर्गात ती नुकतीच वाचायला शिकलेली. शेवटची अक्षरं आली आणि तिला एकही लागेना. "मला वाटलं, मी वाचायला इसरले. लई रडले." मग एक दिवस घरी आरशात चहाच्या डब्यावरची अक्षरं दिसली. तशीच उलटी. तेव्हा तिच्या ध्यानात आलं. म्हणून आज पडद्याकडं पाठ करून आरशात वाचायचं ठरवून ती आली होती. आणि मी मधे काळं कापड लावून ठेवलं होतं. वर्षभर अर्ज करून.

मी म्हणालो, थांबा, मी तोंडी सांगतो. पन्नास वेळा दाखवलेल्या माहितीपटाचं शेवटचं वाक्य मला आठवेना. त्या वेळी मी नेहमी वायरी गुंडाळत असायचो.

मग माझ्यात पदवीधर संचारला. म्हटलं, माईकवर जाहीर करतो, सगळ्यांनी पुढं येऊन बसा.

"आम्ही यिऊ," लंकाबाई म्हणाली, "पण तुम्ही उद्या निघून जाताल. हीर हितंच हाय."

मी माईक खाली ठेवला. पुढच्या मंडळींची चुळबुळ सुरू झाली होती. काय करावं ते मला सुचेना. सुचलं बशीरभाईला. त्यानं व्हॅनमधून जुना मांजरपाटाचा पडदा काढला, नवा उतरवून तो बांधला, व्हॅन सुरू केली आणि पडद्याला वळसा घालून पलीकडं नेऊन उभी केली. जनरेटर व्हॅनमध्ये, त्यामुळं प्रोजेक्टरला मागोमाग जाणं भाग होतं. मी तो उचलून नेला. दुसरं रीळ आम्ही तिकडून सोडलं.

शेवटची अक्षरं आली. सार्वजनिक विहीर सर्वांसाठी खुली आहे. अडवणूक करणे हा गुन्हा आहे. तक्रार तहसील कार्यालयात किंवा पोलीस ठाण्यात करावी. लंकाबाई बोट हवेत फिरवत एकेक शब्द मोठ्यानं वाचत होती. 'गुन्हा'पाशी आली आणि अक्षरं गेली. चालू दिव्यासमोर फिल्म थांबवली तर ती जळते. म्हणून मी रीळ मागं घेऊन पुन्हा सोडलं. मग पुन्हा. तिसऱ्या वेळेला तिनं न बघता म्हणून दाखवलं.

पडद्यापलीकडून सरपंचांचा आवाज आला. "अहो साहेब, अक्षरं उलटी दिसायलीत."

"तांत्रिक अडचण आहे," मी ओरडलो.

"सरपंचसाब," बशीरभाई म्हणाला, "आरसा भेजूं क्या?"

ते वाक्य मला महागात पडलं. पंधरा दिवसांत सरपंचांची तक्रार आली आणि साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"बी.ए. झालात ना? पडद्याची पुढची बाजू कुठली, एवढं कळत नाही?"

"आतापर्यंत कळत होती, सर."

त्यांनी मेमो दिला. मी खुलासा दिला. दोन्ही कागद माझ्या फाइलला लागले आणि माझी बढती एक वर्ष पुढं गेली. बशीरभाईला काही झालं नाही. ड्रायव्हरला डोकं असेल असा संशय खात्यात कुणालाच नव्हता.

लंकाबाईनं पैठणला अर्ज दिला, शब्दाला शब्द. तहसीलदार गावात आले, त्यांच्यासमोर तिनं स्वतः पाणी शेंदलं. दुसऱ्या दिवशी ते नव्हते, तरी ती गेली. तिच्यासोबत वाड्यातल्या सात बायका गेल्या. घागरी पुन्हा लाथाडल्या गेल्या, पोलीस आले, परत बायका गेल्या. हे दोन उन्हाळे चाललं. मग लाथाडणारे दमले. माहितीपटात हेच सगळं वीस मिनिटांत उरकलेलं होतं.

नवा पडदा मी कपाटात घडी करून ठेवला. अर्ज वर्षभर केले होते, त्यामुळं परत पाठवायची लाज वाटली. पुढं प्रत्येक गावात प्रोजेक्टर लावला की मी पडद्याला एक चक्कर मारून यायचो आणि मगच अहवालाचा तक्ता भरायचो.

मेमोनंतर तीन महिन्यांनी साहेबांनी पुन्हा बोलावलं. समोर माझेच अहवाल.

"प्रेक्षकसंख्या एकदम एवढी वाढली कशी?"

"वाढली नाही, सर," मी म्हणालो. "मोजली."