श्रीकांत सरांची सीट

चामराजपेटेतून व्हाइटफील्डला ऑफिसची गाडी नेणाऱ्या महांतेशला एकच भीती होती, रात्रपाळीची. निपाणीहून बंगळूरला आल्यावर दिवसपाळी मिळवायला त्याला सहा वर्षं लागली होती. आता कुठे बायकोची, सत्यवतीची, भाकरी तव्यावरून थेट त्याच्या ताटात पडत होती. पण गाडीत तीनपेक्षा कमी माणसं झाली की गाडी बंद आणि ड्रायव्हर रात्रपाळीला, असा कंपनीचा नियम होता. आणि त्याच्या गाडीत माणसं होती मोजून तीन.

"अण्णा, सोमवारपासून मी मेट्रोने जाणार," मंगळवारी प्रणिता म्हणाली. शेजारी श्रीकांत सर तोंड उघडं टाकून घोरत होते. "रोज दोन तास हेच. आमच्याकडे मिक्सरसुद्धा एवढा चालत नाही."

पुढच्या सीटवरच्या अजिंक्यने हेडफोनचा आवाज वाढवला.

"अक्का, सोमवारपर्यंत दम धरा की. मी बघतो," महांतेश म्हणाला.

बारा वर्षं आरशातून झोपलेली माणसं बघून तो यातला जाणकार झाला होता. मान मागे टाकणारा घोरतो. सर्दीवाला घोरतो. कॉलरचं वरचं बटण ज्याला लागत नाही, तो तर गाडी सुरू व्हायच्या आत घोरतो. सरांकडे यातलं सगळंच होतं.

बुधवारी त्याने घरून उशी आणली. सरांची मान सरळ राहिली. आवाज जरा बारीक झाला, पण लांबला. गुरुवारी एसीचा झोत त्यांच्या नाकावरून वळवला आणि हळूच विचारलं, "सर, रात्री जेवता कधी?"

"साडेअकरा. मीटिंग असतात ना. त्याआधी एखादा पेग," सर मोकळेपणाने म्हणाले. "मग घोरतो म्हणून बायको हॉलमध्ये पाठवते. सोफा आखूड, त्यामुळे झोप होत नाही. म्हणून इथे डोळा लागतो."

"आणि झोप न झालेला माणूस जास्तच घोरतोय बघा," महांतेश म्हणाला. "डॉक्टरांना दाखवा एकदा."

"दाखवलं. वजन उतरवा म्हणाले."

सोमवारपर्यंत काही सरांचं वजन उतरणार नव्हतं. म्हणून शुक्रवारी सकाळी महांतेशने अजिंक्यला मागे बसवलं, सरांना पुढे, पाठ अगदी ताठ. सर झोपलेच नाहीत. महांतेश मनात खूश झाला. ती खुशी पहिल्या सिग्नलपर्यंत टिकली.

"क्लच अर्धा दाबून ठेवू नकोस. प्लेट जाते."

"सरी सर," महांतेशने होकार भरला.

"या लेनमध्ये का आलास? त्या रिक्षामागे लाग. आणि हॉर्न? हॉर्न कुणासाठी दिलास तू?"

मारतहळ्ळी येईपर्यंत सरांनी गिअर कधी बदलावा, टायरमध्ये हवा किती असावी आणि पुण्यातले ड्रायव्हर कसे सरस असतात, हे सगळं सांगून संपवलं. मग ते मागे वळले आणि अजिंक्यचे हेडफोन काढायला लावून त्याला पीएफ समजावू लागले. प्रणिताला त्यांनी तिच्या डब्यातली भेंडी का चिकट होते ते सांगितलं.

व्हाइटफील्डला सर उतरून गेटमधून आत गेले. बाकीची दोघं गाडीतच बसून राहिली.

"अण्णा, मीपण मेट्रोने जाईन म्हणतो," अजिंक्य म्हणाला.

महांतेशच्या डोळ्यांपुढे रात्री बाराला डबा उघडून खायची गार भाकरी आली.

"आधीचं बरं होतं," प्रणिता कपाळ चोळत म्हणाली. "घोरताना निदान आपल्याला उत्तर तरी द्यावं लागत नाही. अण्णा, संध्याकाळी त्यांना मागे बसवा."

"आणि सोमवारी मेट्रो?"

"तुम्ही त्यांना झोपवा, मग बघू."

संध्याकाळी महांतेशने मागच्या खिडकीशी सत्यवतीच्या शालीची जाड गुंडाळी लावली. सरांना त्यावर कुशीवर टेकवलं, तोंड बाहेरच्या बाजूला. "सर, आता झोपा बघू स्वल्प."

मारतहळ्ळीच्या पुलाखाली गाडी अडकली आणि घोरणं सुरू झालं. कुशीवर असल्यामुळे हलकं, लांब कुणाच्या घरात मिक्सर चालल्यासारखं. प्रणिताने डोळे मिटले.

"अण्णा, सोमवारी साडेसातलाच ना?" तिने विचारलं.

"साडेसातलाच अक्का," महांतेश म्हणाला आणि त्याने गाडी जरा पुढे घेतली.

मागचा आवाज एकदम थांबला. तिघांनीही श्वास रोखला.

"सेकंड टाक," डोळे न उघडताच सर म्हणाले, आणि पुन्हा घोरू लागले.

महांतेशने मुकाट्याने सेकंड टाकला.