मामा गेला की गेले?

ती घटना आठवली की आजही माझं तोंड कडू होतं. खून, दरोडे पाहिलेल्या माणसानं शाळेतल्या एका स्पीकरच्या सेटवरून इतकं चिडावं, याचं माझ्या घरच्यांनाही नवल वाटतं. वाटू दे.

तेव्हा मी महाड-पोलादपूर भागातल्या एका ठाण्यात उपनिरीक्षक होतो. एका सोमवारी डोंगराकडच्या एका गावातल्या हायस्कूलचे मुख्याध्यापक आणि शाळा समितीचे दोन सभासद अर्ज घेऊन आले. गावाच्या मुंबईकर मंडळानं शाळेला दिलेला सेट, म्हणजे दोन स्पीकर, ॲम्प्लिफायर आणि माईक, खोलीतून गेला होता. स्नेहसंमेलन तोंडावर आलेलं, लेझीमची तालीम जोरात. कुलूप मात्र शाबूत होतं. संशय कुणावर, हे मी विचारायच्या आधीच त्यांनी सांगून टाकलं. शाळेच्या शिपायावर.

आपल्याकडे शाळेच्या शिपायाला मुलं मामाच म्हणतात. हे मामा घंटा देत, पाणी भरत, खो-खोचा संघ तालुक्याला निघाला की सोबत जात आणि कुणाचा गुडघा फुटला तर त्यावर हळद दाबून बसत. निवृत्ती जवळ आली होती. चोरीचा डाग लागला असता तर नोकरी तर जाणारच होती, पण गावात मान वर करून फिरणंही संपलं असतं.

"बौद्धवाडीतले आहेत ते," मुख्याध्यापक जाता जाता म्हणाले. "अर्जात लिहिलेलं नाही. नुसतं तुमच्या माहितीसाठी." ही माहिती मला कशाला हवी होती, ते त्यांनी सांगितलं नाही.

साक्षीदार होती आठवीतली एक मुलगी. रविवारच्या तालमीला ती सगळ्यांच्या आधी आली होती आणि तिनं सेट नेताना पाहिलं होतं. "मामा सेट घेऊन गेले," असं ती म्हणाल्याचं वर्गाच्या बाईंनी मुख्याध्यापकांना सांगितलं.

"आम्हाला केस नको, साहेब," एक सभासद म्हणाला. "शाळेची बदनामी होते. त्यानं तुमच्यासमोर कबूल करावं आणि राजीनामा द्यावा. बाकी आम्ही बघतो."

पोलीस ठाणं म्हणजे कबुलीजबाब दळून देणारी गिरणी, असा पुष्कळ शहाण्यासुरत्या माणसांचा समज असतो. मी स्टेशन डायरीला नोंद घेतली आणि मामांना बोलावलं. खाकी गणवेश घालून आले. बस म्हटलं तरी बसेनात.

"सायब, खोलीची चावी माज्याकडं हाय, खोटं कशाला बोलू? पन सेट मी नाय नेला. रविवारी मी दासगावला बहिनीकडं होतो."

मी उलटसुलट विचारलं, दरडावलंही. उत्तर बदललं नाही. दासगावला माणूस पाठवला, बहिणीनं आणि शेजाऱ्यांनीही तेच सांगितलं. समितीचं म्हणणं, त्याचीच माणसं ती, दुसरं काय सांगणार?

शेवटी मामांनीच विचारलं, "माजं नाव कुनी घेतलं, सायब?"

"शाळेतल्या एका मुलीनं."

त्यांचा चेहरा उतरला. मग म्हणाले, "आमच्या शाळंतली पोरगी खोटं नाय बोलायची. तिनं कायतरी बघितलं असंल."

उभ्या नोकरीत मी निर्दोष माणसं ओरडताना पाहिली, शपथा घेताना पाहिली, दुसऱ्यावर ढकलताना पाहिली. आपल्याच विरुद्धच्या साक्षीदाराची बाजू घेणारा हा एकच. त्या मुलीला स्वतः भेटायचं मी ठरवलं.

लहान मुलांना ठाण्यात बोलवायचं नसतं. आम्ही साध्या कपड्यांत शाळेत गेलो. सोबत महिला हवालदार होत्या, त्याच पट्ट्यातल्या. मुलीची आई शेजारी बसली, आणि बाईही येऊन उभ्या राहिल्या.

"मामा कसे आहेत गं तुमचे?" मी विचारलं.

"चांगले हायत. आमच्या बाटल्या भरून देतात. काटा गेला की काढतात."

"आणि सेट?"

"मामा घेऊन गेला."

"गेला नाही, गेले!" बाई कडाडल्या. "मोठ्या माणसांना अहो-जाहो करावं, किती वेळा सांगायचं?"

"गेले," मुलगी लगेच म्हणाली.

मी बाईंना बाहेर थांबायला सांगितलं. हवालदारांनी माझ्याकडे पाहिलं. देतात, काढतात, आणि लगेच गेला? शाळेच्या मामांना एकेरी बोलणारी ही पोर नव्हती. एकेरी बोलतात ते सख्ख्या मामाला.

"कोनचा मामा गो?" हवालदारांनी हळूच विचारलं.

आई म्हणाली, "गप बस." पण तोवर पोर बोलून गेली होती. "माजा मामा. आयचा भाव. टेम्पो घेऊन आलेला."

"मग बाईंना का नाही सांगितलंस?"

"सांगितला ना. बाई बोलल्या, गेले म्हन."

तिचा हा मामा म्हणजे ठाण्यात मला 'केस नको' म्हणणारा तोच सभासद. समितीची दुसरी चावी त्याच्या घरी असायची. कशेडीकडच्या एका हळदीला त्यानं सेट वाजवायला नेला, तिथं ॲम्प्लिफायर जळला, आणि स्वारीनं सगळं सामान गोठ्यात पेंढ्याखाली लपवलं. आम्ही ते बाहेर काढलं तेव्हा तो हसत होता.

"आमचीच शाळा, आमचाच सेट. चोरी कसली, साहेब? दुरुस्त करून ठेवणारच होतो."

"मग त्या माणसाचं नाव का चालू दिलंस?"

"मी कुठं नाव घेतलं? पोरगीच बोलली."

त्याच्या कानाखाली आवाज काढावा असं मनापासून वाटलं. पण दुसऱ्याच दिवशी 'गैरसमजातून अर्ज दिला होता' असं लिहून मुख्याध्यापकांनी अर्ज मागे घेतला. सामान शाळेचं, आणि शाळाच म्हणते चोरी झाली नाही, तर गुन्हा कशाचा? मी एवढंच मागितलं की सकाळच्या परिपाठाला सगळ्या मुलांसमोर सांगा, मामांनी काही केलेलं नाही. "कशाला उगाच विषय उकरायचा, साहेब?" ते म्हणाले, आणि त्यांनी तो उकरला नाही.

संमेलनाला मला पाहुणा म्हणून बोलावलं. सेट छान वाजत होता. तो स्वखर्चानं दुरुस्त करून दिल्याबद्दल त्या सभासदाला शाल आणि नारळ मिळाला. लेझीमच्या रांगेत ती मुलगी नव्हती. घरच्यांनी तिला वर्षाच्या मध्येच महाडला आत्याकडे धाडून शाळा बदलली होती. खरं बोलल्याचं बक्षीस.

खरं शोधलं की आपलं काम संपलं, असं मी तोवर धरून चाललो होतो. चोरीला गेलेलं सामान पोलीस परत आणून देऊ शकतात. माणसाचं गेलेलं नाव ज्यांनी घालवलं त्यांनीच परत द्यायचं असतं, आणि ते देत नाहीत. त्या दिवशी मामा खुर्च्या मांडत होते. मला चहा घेऊन आले. मी विचारलं, मुलं नीट वागतात ना आता?

"वागतात की, सायब. अहो-जाहो करतात." त्यांनी रिकामा कप उचलला. "मामा म्हनत नायत. अहो शिपाई म्हनतात."