डाव्या हाताची सही

विनिता वेसाव्याहून आमच्या अंधेरीच्या सोसायटीत मासळी घेऊन येऊ लागली, त्याला सोळा वर्षं झाली. बुधवारी आणि रविवारी, साडेआठ ते नऊच्या दरम्यान. जिन्याखाली बसून ती कोयत्याने सुरमईच्या तुकड्या करायची, सगळ्या एका जाडीच्या. माझी पत्नी वसुधा दुसऱ्या कुणाकडून मासळी घेत नसे.

यंदा जानेवारीत ती सुजलेला डोळा घेऊन आली. तिचा नवरा प्रज्योत होडीवर तांडेल, खलाशांचा प्रमुख. प्यायल्यावर हात उचलतो, हे आम्हाला ठाऊक होतं. त्या दिवशी वसुधाने तिची टोपली आमच्या घरात ठेवून घेतली आणि आम्ही तिघं पोलीस ठाण्यात गेलो. तक्रार मी लिहून दिली. खाली विनिताने सही केली. गोल, शाळकरी अक्षर, शेवटचा काना लांब. बँकेत एकतीस वर्षं मी सह्या पडताळत आलो आहे. पाहिलेली सही विसरत नाही.

प्रज्योतला अटक झाली. आठवड्याभरात तो जामिनावर सुटून घरी आला.

मार्चमध्ये विनिताचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. बर्फाच्या पेटीचं झाकण पडलं, म्हणाली. प्लास्टर निघालं, पण बोटं मिटेनात. ती डाव्या हाताने कोयता धरू लागली. तुकड्या लहानमोठ्या पडायच्या. वसुधा त्या तशाच घ्यायची.

जुलैत तिने सांगितलं, केस मागे घ्यायची आहे. त्यांच्या घरी नारळी पौर्णिमेला होडीची पूजा जोडीने करतात. केस अंगावर असताना माझा पोरगा पूजेला बसणार नाही, असं सासूने, सखुबाईने, बजावलं होतं. पूजा नाही तर होडीही पाण्यात जाणार नव्हती. वसुधाने तिला तासभर समजावलं.

"वहिनी, तुमी दोघा वर जाल, दार लावाल," विनिता म्हणाली. "माना त्याच दारात जायाचा हाय."

मी तिला एका वकीलबाईंकडे नेलं, प्रज्योतही बरोबर आला. त्या म्हणाल्या, ही केस ठाण्यात कागद देऊन मिटत नाही, हायकोर्टात अर्ज करावा लागतो. त्यासाठीच्या प्रतिज्ञापत्रावर विनिताने सही केली आणि वकीलबाईंनी तक्रारीची प्रत शेजारी ठेवली. सह्या जुळत नव्हत्या.

"हात कधी मोडला?"

"तक्रारीच्या मागनं."

"कशाने?"

प्रज्योत दाराशी उभा होता. विनिताने माझ्याकडे पाहिलं. तिचे ओठ उघडले होते, हे मला आजही दिसतं. आणि मी सवयीने बोलून गेलो, "आमच्या बँकेत याला पद्धत आहे. हाताच्या दुखापतीमुळे सही बदलली असं लिहायचं, खाली ओळखीच्या माणसाने साक्ष द्यायची."

वकीलबाई मोकळ्या झाल्या. मी वळणदार अक्षरात लिहिलं, 'सही माझ्यासमोर, स्वखुशीने केली आहे.' नाव, पत्ता, तारीख, सही. विनिताने ओठ मिटले.

न्यायाधीशांनी विचारलं, कुणाचा दबाव आहे का? ती नाही म्हणाली. केस संपली. पौर्णिमेला दोघांनी जोडीने पूजा केली. दुसऱ्या दिवशी तिने आमच्याकडे ओल्या नारळाची वडी आणून दिली, डाव्या हाताने.

गणपती गेल्यापासून ती आलेली नाही. टोपली घेऊन सखुबाई येते. पहिल्या बुधवारी विचारलं तर म्हणाली, "घरात हाय. बरा नाय तिला." दुसऱ्या आठवड्यात तेच. तिसऱ्या आठवड्यात वसुधाने फोन लावला, तो प्रज्योतने उचलला आणि ठेवून दिला.

वसुधा म्हणते, उद्या ठाण्यात जाऊ. जाईनच. पण पहिला कागद ते माझ्या साक्षीचाच काढतील, आणि त्यावरची सही माझी आहे की नाही, हे मला विचारतील.