शिडांचा अभ्यास माझा, टाके रशीदभाईंचे

जालन्याहून समुद्र साधारण चारशे किलोमीटर लांब. माझा जन्म जाफराबादचा, तिथल्या नदीत उन्हाळ्यात म्हशीचं पोटसुद्धा भिजत नाही. तरीही गेली वीस वर्षं मी शिडांच्या जहाजांवर बोलतोय. बियाण्यांच्या कंपनीत पाकिटांवरच्या मजकुराचं काम करता करता मला हा नाद कसा लागला, ते मलाही सांगता येणार नाही. डोलकाठी कशाला म्हणतात, परबाण कशाला म्हणतात (शीड ज्याला बांधतात तो आडवा वासा), हे मी ऑफिसात इतक्या वेळा सांगितलंय की लोक मला 'कप्तान' म्हणतात. कौतुकानं नव्हे, हे मला जरा उशिरा कळलं.

त्यामुळे परदेशी शिडांची जहाजं मुंबई बंदरात चार दिवस थांबणार आणि लोकांना आत जाऊन पाहता येणार, ही बातमी वाचल्यावर मी तासाभरात पास काढले. दोन. दुसरा रशीदभाईंचा.

रशीदभाई म्हणजे जुन्या जालन्यातले ताडपत्री शिवणारे. वय बासष्ट. ट्रकच्या, खळ्याच्या, मांडवाच्या ताडपत्र्या हातानं शिवतात. ऑफिस सुटल्यावर मी त्यांच्या दुकानात अर्धा तास बसतो, चहा पितो आणि जहाजांवर बोलतो. ते खाली मान घालून शिवत असतात. इतका चांगला श्रोता मला घरातही मिळालेला नाही.

"मला काय करायचं तिथं, सुधाकरभाऊ?" ते म्हणाले. "मला पोहाया बी येत न्हाई."

"जहाज बांधलेलं असतं हो. पोहायचं नाही, बघायचं."

"मंग ठीक आहे. तुम्ही सांगा, मी बघतो."

शुक्रवारी सकाळच्या गाडीनं निघालो. जायचा विचार असेल तर दिवसाचीच गाडी धरा. साडेसहा-सात तास लागतात आणि कसाऱ्याचा घाट डोळ्यांनी पाहायला मिळतो. बायकोनं ज्वारीच्या भाकरी, ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी दिली होती, रशीदभाईंकडून खिमा आणि रोट्या. मनमाडच्या आधीच दोन्ही डबे रिकामे झाले. तिथून इगतपुरीपर्यंत मी त्यांना तीन डोलकाठ्यांचं जहाज आणि दोन डोलकाठ्यांचं जहाज यांतला फरक समजावला. समोरचे एक गृहस्थ जागा बदलून गेले.

मशीद बंदर भागात रशीदभाईंच्या ओळखीचा लॉज होता. खोली लहान, चादरी स्वच्छ, पाणी चोवीस तास. पास फुकट असल्यामुळे प्रवास, लॉज, खाणं धरून दोघांचा खर्च पाच हजारांच्या आत बसतो. संध्याकाळी अपोलो बंदरावर गेलो. रशीदभाई पायऱ्या उतरून खाली गेले, ओंजळीत पाणी घेतलं, चाखलं आणि म्हणाले, "खरंच खारट आहे." मी वीस वर्षं समुद्रावर बोलतोय, पण चव घ्यायचं मला कधी सुचलं नव्हतं.

शनिवारी दुपारी दोनला बंदराच्या गेटवर पोचलो. रांग बरीच होती. पहाऱ्यावरच्या माणसानं आधार कार्डं पाहिली, पास पाहिले आणि माझा पास परत दिला.

"काका, तुमचा उद्याचा आहे. यांचा आजचा."

मी चष्मा लावून पाहिलं. बरोबर होतं. बियाण्याच्या पाकिटावर एक आकडा चुकला तर हंगामाचा घोटाळा होतो, म्हणून मी ऑफिसात प्रत्येक तारीख तीनदा तपासतो. स्वतःचा फॉर्म मात्र आनंदाच्या भरात भरला होता.

"मंग वापस चला," रशीदभाई म्हणाले. "मला एकट्याला काय समजणार?"

"तुमचा पास वाया कशाला घालवता? जा तुम्ही. मी उद्या जातो."

मी त्यांना काय काय पाहायचं याची यादी तोंडी सांगितली. फोटो कसे काढायचे तेही सांगितलं. पहारेकरी म्हणाला, "काका, त्यांना आत तर जाऊ द्या."

ते गेले आणि मी समोरच्या फुटपाथवर एका टॅक्सीच्या सावलीत बसलो. भिंतीवरून, गोदामाच्या पत्र्यांच्या वर, तीन डोलकाठ्यांची टोकं दिसत होती. टॅक्सीवाल्याला मी त्यातली प्रत्येक दोरी कशासाठी असते ते सांगितलं. त्यानं सगळं शांतपणे ऐकून विचारलं, "साब, नेव्हीमध्ये होते काय?"

"नाही. बियाण्यात."

तो गाडी घेऊन निघून गेला आणि माझी सावलीही गेली.

पाहायला फार तर एक तास लागतो. तीन वाजले, साडेतीन झाले. फोन लावला, वाजत राहिला. रशीदभाईंना साखरेचा त्रास आहे आणि सकाळपासून त्यांनी नुसते दोन पाव खाल्ले होते. चार वाजता मात्र मी उठून गेटपाशी गेलो. त्यांना इथं मी आणलं होतं, एकटं आत मी पाठवलं होतं. कुठं चक्कर येऊन पडले असतील तर त्यांच्या घरी काय सांगणार होतो? पहारेकऱ्याला विनवलं. तो म्हणाला, "काका, आत डॉक्टर आहेत. काही झालं असतं तर कळलं असतं." मी तीनदा गेलो, त्यानं तीनदा तेच सांगितलं.

पाच वाजता रशीदभाई बाहेर आले. चालत, नीट. चपला हातात होत्या.

"कुठं होतात?" माझा आवाज चढला होता.

"शिवत होतो," ते म्हणाले. "फोटो काढून फोन पिशवीत टाकला, तो तिथंच राहून गेल्ता. माफ करा."

चहा घेताना त्यांनी सांगितलं. जहाजाच्या डेकवर एक म्हातारी गोरी बाई फाटलेलं शीड शिवत बसली होती. लोक फोटो काढून पुढे जात होते. "कोपऱ्यावर अडकली होती हो. तिथं कापडाचे चार थर येतेत, वरून दोर. सुई जाईना. तिथं कापड ताणून धराया लागतं. मी चपला काढल्या, पायाच्या अंगठ्यात कापड धरलं आणि ताणलं. आधी ती हसली. मंग तिनं बी बूट काढले."

पुढचे दोन तास दोघं समोरासमोर बसून शिवत होते. बाईनं त्यांना जेवणही दिलं. भाषेची अडचण आली नाही का, असं मी विचारलं. "दाभणाला काय भाषा लागते?" ते म्हणाले. मग त्यांनी मला फोटो दाखवले. चौदा होते. अकरा शिवणीचे, दोन बाईंच्या हातांचे, एक चुकून स्वतःच्या पायाचा. डोलकाठी एकाही फोटोत नव्हती.

खरं सांगतो, त्या संध्याकाळी मला मत्सर वाटला. एवढा की जेवताना मी त्यांच्याशी धड बोललो नाही.

रविवारी सकाळी माझी पाळी. रशीदभाई सामान घेऊन बाहेर बसले. फळीवरून जहाजावर चढलो, डेकवर पाय ठेवला आणि दहाव्या मिनिटाला मला मळमळायला लागलं. बांधलेल्या जहाजावर. वारा नाही, लाटा नाहीत. एका खलाशानं मला दोरांच्या वेटोळ्यावर बसवलं आणि शेजारी एक बादली ठेवली. वीस वर्षांच्या अभ्यासातली जी जी वस्तू पाहायची होती, ती मी त्या बादलीशेजारी बसून पाहिली. (रिकाम्या पोटी जाऊ नका. आलेपाक जवळ ठेवा.)

समोरच ती बाई शिवत होती. शेजारी दुभाषी म्हणून नेमलेल्या एक मॅडम होत्या, पालघरकडच्या. मी सांगितलं, काल इथं बसले होते ते माझे मित्र.

"अच्छा, ते तुम्हीच का?" मॅडम म्हणाल्या. "काल आल्या आल्या त्यांनी दोनदा विनंती केली की माझा दोस्त बाहेर उन्हात बसलाय, त्याला आत घ्या. म्हणाले, जहाजातलं सगळं त्याला येतं, मी तर अडाणी आहे. आम्हाला नियमानं घेता आलं नाही."

रशीदभाईंनी मला यातलं काही सांगितलं नव्हतं.

बाईंनी शिडाचा कोपरा उलगडून दाखवला. एका बाजूचे टाके त्यांचे, दुसऱ्या बाजूचे रशीदभाईंचे. मला फरक कळला नाही. मॅडम म्हणाल्या, "बाई सांगताहेत, असं हातानं शिवणारं माणूस त्यांना फार दिवसांनी भेटलं. दिवाळीला दुकान बंद करणार म्हणाले ना ते, त्याचं यांना फार वाईट वाटलं."

"कोण बंद करणार?" मी विचारलं.

दुपारच्या गाडीत नाशिक आलं. मग विचारलं. रशीदभाई खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "डोळे राह्यले न्हाईत पहिल्यासारखे. आता तयार चिकटवलेली ताडपत्री येते, ती सस्ती पडते. पोरगा पुण्याला बोलवून राह्यला. रमजानलाच ठरवलं होतं."

"मला का नाही सांगितलं?"

"तुम्ही विचारलंच न्हाई कधी." आवाजात तक्रार अजिबात नव्हती. "तुम्ही येता, शिडाचं सांगता. हात चालू राहतेत, कान बी रिकामे राहत न्हाईत. मला बरं वाटायचं."

मग मी त्यांच्या पोराबद्दल विचारलं. इतक्या वर्षांत असं पहिल्यांदाच झालं असावं.

घरी येऊन आता तीन आठवडे झाले. ऑफिसात सगळ्यांनी विचारलं, कप्तान, जहाज कसं होतं? मी बादलीची गोष्ट सांगितली, ती चांगलीच चालली. तुम्ही कुणी जाणार असाल तर जरूर जा, जहाजं सुंदर असतात. तारीख मात्र दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्या. मला त्या जहाजावरच्या तीन उंच डोलकाठ्या आता नीट आठवत नाहीत. फळीच्या टोकाशी दोनदा विनंती करणारे रशीदभाई मी पाहिलेले नाहीत, पण ते आठवतात.

दुकान दिवाळीला बंद होणारच आहे. तोवर मी रोज जातो आणि जहाजांवर बोलत नाही. काल त्यांना म्हटलं, मला एक सरळ टाका शिकवा. त्यांनी जाड दोऱ्यावर मेण ओढून दाभण हातात दिलं. बोटाला दोनदा टोचून मी अर्ध्या तासात नऊ टाके घातले. रशीदभाईंनी कापड उजेडाकडे धरलं, चष्मा वर केला, नऊच्या नऊ टाके उसवले आणि दोरा गुंडाळून ठेवत म्हणाले, "उद्या जरा जल्दी या."