श्रीरामपुरात गिऱ्हाईकच नाही

ये गं, अशी जवळ सरक. आल्यापासून मोबाईलमध्ये तोंड खुपसून बसलीयस, चहावर साय धरली तरी तुझं लक्ष नाही. ठेव तो बाजूला. तूसुद्धा म्हणे कंपनीत आमच्या पुतण्यासारखेच रंगीत तक्ते करतेस, म्हणून तुला मुद्दाम ऐकवायचंय.

आमचा मसाल्याचा धंदा. कांडप संगमनेरला, दुकान श्रीरामपूरला. दुकान आमच्या ह्यांनी काढलेलं. ते गेल्यावरही मी रोज सकाळी तिथं जाऊन बसते. काम म्हणशील तर काही नाही. येणाऱ्या-जाणाऱ्यांशी बोलायचं, आणि काळ्या मसाल्यात काय काय घालता असं कुणी विचारलंच तर पावसापाण्याचं काढायचं. खरं काम करते ती काउंटरवरची बाई. नवऱ्याचा भरवसा नाही, सासू अंथरुणाला खिळलेली. घर दुकानामागच्याच गल्लीत, म्हणून दुपारी जाऊन सासूला भरवते आणि परत येऊन उभी राहते. तिचं सगळं त्या दुकानाच्या अंतरावर बेतलेलं.

धंदा आता पुतण्या बघतो. पुण्याला शिकून आला आणि आल्या आल्या बिलाचं सॉफ्टवेअर बदललं. नव्या यंत्राची तऱ्हा अशी, की गिऱ्हाइकाचं गाव भरल्याशिवाय ते बिलच सोडत नाही. गाव भरलं की ते आपापल्या तालुक्यात जाऊन बसतं, आणि महिनाअखेरीला कुठल्या तालुक्यात किती माल खपला त्याची बेरीज आपोआप होते. "काकू, रीजनवाइज समरी!" म्हणाला. घरात पोर जन्माला आल्यासारखा चेहरा झाला होता.

काउंटरवरची बाई इमानी. येईल त्याला विचारायची, "कुठल्या हो तुमी?" सांगतील ते दाबायची.

मग एका रविवारी त्यानं आम्हाला संगमनेरला बोलावलं. भिंतीवर दाराएवढा टीव्ही, त्यावर जिल्ह्याचा नकाशा. जिथं माल जास्त खपतो तो तालुका जास्त हिरवा. कर्जत नुसतं पालकाच्या पानासारखं, आणि आमचं श्रीरामपूर धुतल्या धोतरासारखं पांढरं.

"काकू, श्रीरामपुरात आपल्याला गिऱ्हाईकच नाही."

"अरे, मग मी रोज बघते ती काय भुतं?"

"तो तुमचा अनुभव झाला, काकू. हा डेटा आहे."

म्हणजे बघ, मी डोळ्यांनी बघितलं तो अनुभव, आणि भिंतीवर दिसलं ते खरं! मी विचारलं, "मग मसाला जातो कुठं?" तर म्हणे कर्जतला. कर्जतची माणसं एवढ्या लांबून येतात, यातच आपल्या मालाची ताकद दिसते. कर्जतचं माणूस एसट्या बदलत पाव किलो मसाल्यासाठी श्रीरामपूर गाठतं, हे त्या शिकलेल्या डोक्याला पटलं. माझं बोलणं तेवढं पटेना.

ठरलं. महिनाअखेरीला श्रीरामपूर बंद, दुकान कर्जतला. त्याची बायको तर हरखलीच. "बरं होईल हो काकू, दुकानाच्या निमित्तानं माझं माहेरी जाणं-येणं होईल."

दुसऱ्या दिवशी मीच त्या बाईला सांगितलं. ती पाकिटं लावत होती, लावतच राहिली.

"मावशी, सासूला पाठुंगळी मारून कर्जतला नेऊ व्हय मी?" म्हणाली. आणि पुढं, "काढायचं तर काढा म्हनावं. पन माझ्यामुळं इक्री न्हाई असं तेवढं कुनाला सांगू नका. दुसऱ्या दुकानात काम मागायला काय तोंड घिऊन जाऊ?"

मी पुतण्याला फोन लावला. तो म्हणाला, "काकू, यात पर्सनल काही नाही." बाईची भाकर जाणार, आणि पर्सनल काही नाही!

आठवड्यानं तो मांडण्यांची मापं घ्यायला आला, बरोबर बायको. ती म्हणाली, घरातला मसाला संपलाय, एक पाकीट घेते. काउंटरवरची बाई काही सोडायची नाही.

"वहिनी, घरचं असलं तरी बिल काढावं लागतं, दादांनीच सांगितलंय. कुठल्या हो तुमी?"

"कर्जत," ती टपकन बोलून गेली.

पुतण्याच्या हातातली टेप अर्धवट ताणलेली, तशीच राहिली. "अगं, आपण संगमनेरला राहतो."

"राहते की. पण कुठल्या, असं विचारलं ना त्यांनी? मी कर्जतचीच."

"आणि हा मसाला कुठं न्यायचाय?"

"आपल्या घरी. अजून कुठं नेणार?"

तिच्या मागं रांगेत समोरच्या गल्लीतले आजोबा उभे होते. पुतण्यानं त्यांना गाठलं. "आजोबा, तुम्ही कुठले?"

"आम्ही कर्जतचे."

"इकडं कधी आलात?"

"आलो कशाला? जन्मच इथला माझा. वडील आले होते कारखान्यावर."

अगं, श्रीरामपूर म्हणजे बाहेरून आलेल्यांचं गाव. रेल्वे झाली, कालवा झाला, कारखाने झाले, आणि कोरड्या तालुक्यांतली माणसं पोटामागं इकडं आली. घरं बांधली, नातवंडं खेळवली, पण कुठले म्हणून विचारा, मूळ गावच सांगणार. आणि आम्ही बायका तर मरेपर्यंत माहेरच्या. श्रीरामपुरात राहून श्रीरामपूरचं म्हणवणारं माणूस शोधून दाखव मला! रोज कानावर पडत होतं, पण माझ्याही डोक्यात आलं नव्हतं.

पुतण्यानं टेप गुंडाळली. चुकलो म्हणेल? छे! "डेटा क्लीन करावा लागेल," एवढंच. दुकान हलवायचं तेवढं तूर्त थांबलं. जणू आमची माहेरं म्हणजे कचरा. आता यंत्र विचारतं, राहायला कुठं? पुढच्या महिन्यात तोच टीव्ही, तोच नकाशा. श्रीरामपूर हिरवंगार, कर्जत पांढरं. आणि सगळ्या भावकीसमोर म्हणतो कसा, "बघा, मी लक्ष घातल्याबरोबर श्रीरामपूरनं कशी उसळी मारली!" चूक बायकोमुळं उघडी पडली याचं नावही नाही, म्हणून ती दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. ते माझ्यापुरतं पुरेसं होतं.

हे मी दुकानात येऊन सांगितलं, तर काउंटरवरची बाई म्हणाली, "पन मी ऱ्हाते न्हवं हितं?"

"राहतेस."

"मग मारू द्या त्यास्नी उसळ्या." आणि सासूला भरवायला गेली.

आता त्याला गिऱ्हाइकांच्या वयाप्रमाणं तक्ता हवाय म्हणे. बायकांना काउंटरवर वय विचारायचं! त्यातून श्रीरामपुरात सगळ्या तरुणीच राहतात असं निघणार, आणि हा काय बंद करील देव जाणे. म्हणून सांगते, दिवाळीची वाट बघू नकोस. पुढच्या रविवारीच ये, थेट दुकानातच ये, तक्त्याआधी माणसं बघ. डबा दोघींचा आणते.