माश्या गेल्या त्या सालची डांगरं

दौंडपासून दीडेक कोसावर, भीमेच्या कडेला आमची तीन एकर जमीन. मी त्या घरात सून म्हणून आले तेव्हा सतरा वर्षांची होते. माझं माहेर कवठे येमाईचं. तिकडं आमची सगळी जिराईत, बाजरी आणि मटकी. पाण्यावरची भाजी आम्हांला बाजाराच्या दिवशीच दिसायची. इथं विहीर होती, मोट होती आणि बारा महिने काही ना काही हिरवं उभं असायचं. पहिल्या वर्षी मी नुसती वांग्यांच्या सरीत बसून राहायची, तर आत्याबाई हसायच्या. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई.

घरात आम्ही तिघंच. मालक दौंडला इंजिनाच्या शेडमध्ये खलाशी होते. सायकलवर जायचे, काळे होऊन यायचे. शेत आम्ही दोघी बायका बघायचो. मोटेवर गडी असायचा, बाकी खुरपणं, तोडणं, पाणी धरणं आमचंच. सकाळी तोडलेली भाजी टोपलीत घालून मी रेल्वेच्या चाळींत दारोदार विकायची. तिथल्या बायका गावोगावच्या, कुणी मद्रासकडच्या, कुणी उत्तरेकडच्या. पण वांगं सगळ्यांना कळायचं.

ही गोष्ट साठ साल ओलांडल्यानंतरची. तोवर आमच्या शेताला शेणखत, लेंडीखत आणि राख यांपलीकडं काही माहीत नव्हतं. त्या वर्षी वांग्याला अळी फार लागली. शेंडे माना टाकायचे, फळ फोडलं की आत काळं. मालकांनी शेडमधल्या कुणाकडून तरी ऐकलं आणि एका सुट्टीच्या दिवशी औषधाची बाटली घेऊन आले. गावात फवारायचा पंप एकच होता, तोही मागून आणला.

मी बाटली हातात घेतली. चौथीपर्यंत शिकले होते. बाटलीवरचं इंग्रजी मला येत नव्हतं. पण कवटी आणि दोन हाडं कुणालाही वाचता येतात.

"ह्ये कसलं औषध?" मी विचारलं.

"अळीचं. समदी मारत्यात आता."

"मग कवटी कशाला काढलीया?"

"ती अळीसाठी हाय," ते म्हणाले आणि हसले. मीही हसले. खोटं कशाला सांगू, अळीनं मी इतकी कावले होते की मीच पंपात बादलीनं पाणी ओतून दिलं. दिवस चांगला वर आला होता. बांधावरच्या डांगराच्या, म्हणजे लाल भोपळ्याच्या, वेलांना पिवळी धमक फुलं आली होती आणि त्यांच्यात माश्या घुमत होत्या. फवारा वाऱ्यावर तिकडंही गेला. ते आमच्या ध्यानातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी आत्याबाई विहिरीवर गेल्या आणि मला हाक मारली. विहिरीच्या दगडी बांधणीत एका पोकळीत मधमाश्यांचं मोहोळ होतं, किती वर्षांचं ते त्यांनाही सांगता येईना. त्या पोकळीखाली पाण्यावर माश्यांचा थर तरंगत होता. मोटेचं पाणी पडतं त्या थारोळ्यातही पडल्या होत्या, काही अजून पाय हलवत होत्या. आत्याबाईंनी सुपात भरून त्या बांधापलीकडं पुरल्या. त्या मला रागे भरल्या असत्या तर बरं वाटलं असतं. आठ दिवस आम्ही पिण्याचं पाणी नदीवरून आणलं.

वांगी मात्र सुधारली. शेंडे ताठ झाले, फळाला चकाकी आली. मालक खूश होते. आणि इकडं डांगराला काय झालं ते आम्हांला कळेना. फूल यायचं, फुलामागं गोटीएवढं फळ दिसायचं, चार दिवसांत ते पिवळं पडून गळून जायचं. एकही फळ धरेना. आत्याबाईंनी नजर उतरवली, मी पाणी वाढवलं, मग कमी केलं. कशानं काही होईना.

नदीच्या वाळूत कलिंगडं-खरबुजं लावणारे एक चाचा होते. त्यांच्या घरात वाडवडिलांपासून हेच काम. नदीचं पाणी उतरलं की ते वाळूत खड्डे घेऊन वेल लावायचे आणि हंगामभर तिथंच खोपटात राहायचे. येता-जाता आमच्या विहिरीवर पाणी प्यायचे. एके दिवशी ते बांधावर उकिडवे बसले, एक गळलेलं फळ उचललं, अंगठ्यानं दाबलं.

"सूनबाई, माश्या कुठं गेल्या तुमच्या?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण मला दोष दिला नाही.

"फूल दोन जातीचं असतं बघ. ह्ये लांब देठाचं, ह्यो नर. ज्याच्या मागं गोटी हाय ती मादी. ह्याची भुकटी तिच्यापत्तुर न्हेणार कोण? माशी न्हेत व्हती. आता माशी न्हाई."

"मग आता?"

"मग आता तू ने."

मला वाटलं चेष्टा करतायत. पण त्यांनी एक नर फूल तोडलं, पाकळ्या सोलून टाकल्या, आतला पिवळा दांडा मादी फुलात हळूच फिरवला. "उजाडता उजाडता करायचं. ऊन चढलं की फूल मिटलं, मिटलं की गेलं. आमच्यात बायका करत्यात कवा कवा, माशी कमी आली तर."

दुसऱ्या दिवसापासून मी झुंजुमुंजू होताच बांधावर. दवानं लुगडं गुडघ्यापर्यंत भिजायचं. वेलाला बारीक काटेरी लव असते, ती हाताला कोपरापर्यंत खाजायची. आज उघडलेली मादी फुलं हुडकायची, नर फुलं ओच्यात घ्यायची, एकेक करून फिरवायची. झालेल्या फुलापाशी जुन्या पातळाची चिंधी बांधायची, म्हणजे दुसऱ्यांदा हात लागू नये. पहिले दोन दिवस मी भुकटी नुसती सांडली. मग हाताला सवय झाली. तरी एका सकाळी जेवढी फुलं व्हायची, तेवढी माशी मला वाटतं घटकेभरात करत असेल. कंबर धरली की ते आठवायचं, आणि लाज वाटायची. ज्यांना मी पाणी ओतून मारलं त्यांचं काम मी करत होते.

शेजारच्या रानातल्या बायका बांधावरून ओरडायच्या, "काय गं, फुलांची लग्नं लावतीस व्हय? अक्षता आणू का?"

"आणा की, जेवायला पण या," मी म्हणायची, आणि हात थांबवायची नाही.

चौथ्या-पाचव्या दिवशी एका चिंधीजवळचं फळ खाली वाकलं आणि फुगलं. मी आत्याबाईंना हाताला धरून दाखवायला नेलं. त्यांनी त्याला बोटही लावू दिलं नाही.

त्याच आठवड्यात मालक म्हणाले, "पंप परत मागून आणतो. अळी दिसायला लागलीय."

"न्हाई," मी म्हणाले.

लग्नाला सात-आठ वर्षं झाली होती, असं तोंडावर 'नाही' मी पहिल्यांदाच म्हणाले. ते जेवत होते. हात तसाच राहिला.

"येडी हायेस का तू? वांगी गेली तर काय इकशील?"

"इकन काय इकायचं ते. पण ह्या रानात ते औषध परत यायचं न्हाई. तुम्ही शेडात जाता. हितं मी असते, आत्याबाई असत्यात. भाजी मी तोडते, न धुता तोंडात टाकते. लोकांच्या लेकरांना मी इकते. मला कळाल्यावर मी न्हाई इकणार."

ते आईकडं बघायला लागले. आत्याबाई भाकरी थापत होत्या. तवा झाडता झाडता म्हणाल्या, "ती कसती, ती ठरवील."

मालक उठून गेले. दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी त्यांनीच तोड काढली: विहिरीपलीकडचा कांद्याचा तुकडा त्यांचा, बाकी माझं. मी अट घातली की फवारायचं ते दिवस मावळताना, वारा पडल्यावर. त्यांनी मान्य केलं आणि पाळलंही. माणूस वाईट नव्हता. त्यांना दोन पैसे आणि चार टोपल्या जास्त हव्या होत्या, कुणाला नको असतात?

वांग्यांचं आता माझ्या अंगावर आलं. एक दिवसाआड प्रत्येक झाड बघायचं, सुकलेला शेंडा अळीसकट मोडायचा, घरी आणून चुलीत टाकायचा. राख चाळून सकाळच्या दवावर मारायची. कडुनिंबाचा पाला भिजवून ते पाणी शिंपडायचं. अळी संपली नाही. पण झाडं टिकली. चार फळांतलं एक किडकं निघायचं, आणि नेमकं तेच चाळीतल्या बाईच्या हाताला लागायचं.

एका गार्डसाहेबांच्या बाई होत्या, फार चोखंदळ. भोक पडलेलं वांगं माझ्या पुढ्यात टाकून म्हणाल्या, "बाजारात बघ कशी चकचकीत वांगी येतात. तुझ्यात किडे आहेत."

मी तिथंच पायरीवर बसले. विळ्यानं वांगं कापलं, किडका भाग काढून टाकला, उरलेलं कच्चंच तोंडात घातलं आणि चावून गिळलं. "बाई, त्या चकचकीतावर काय मारलंय ते मला ठाव हाय, मी मारलंय. किडा दिसतो, काढून टाकता येतो. ते दिसत बी न्हाई."

त्या दिवशी त्यांनी काही घेतलं नाही. पुढच्या खेपेला अर्धी टोपली घेतली. काही घरं मात्र तुटली ती तुटलीच.

औषध मारा म्हणून ग्रामसेवक येऊन समजावून गेला. भला तरुण होता. म्हणाला, "वहिनी, सगळ्यांनी असं केलं तर देश खाणार काय?" तेव्हा रेशनवर परदेशातली लाल मिलो ज्वारी मिळत होती, तिची भाकरी आम्हीही खाल्ली होती, तेव्हा त्याचा प्रश्न खोटा नव्हता. मी त्याला म्हणाले, "देशाचं मला कळत न्हाई, भाऊ. ह्या तीन एकराचं थोडं कळाय लागलंय." आजही मी त्याला चूक म्हणणार नाही. भूक खरी होती. पण विहिरीतल्या माश्याही खऱ्या होत्या, आणि त्या कुणाच्याच हिशेबात नव्हत्या.

पुढच्या वर्षीही मी पहाटेची फुलं केली. त्याच्या पुढच्या वर्षी चाचांनी नदीपलीकडच्या बाभळीवरून उठलेला माश्यांचा एक थवा आमच्याकडं वळताना बघितला आणि सांगायला पळत आले. मोहोळ विहिरीत नाही, गोठ्यामागच्या कडुनिंबाच्या ढोलीत बसलं. त्या हंगामात मी चिंध्या बांधल्या नाहीत. तरी सवयीनं पहाटे बांधावर जायची आणि हात मागं बांधून नुसती बघत उभी राहायची.

मालकांनी कांद्यावरची फवारणी एका वर्षी आपणहून बंद केली. फवारून आले की डोकं धरायचे, डोळ्यांपुढं अंधारी यायची. दोनदा उलट्या झाल्या. मी पाठ चोळली, ताक दिलं. "तुझं बरोबर होतं" असं ते कधी म्हणाले नाहीत. मीही वाट बघितली नाही. लेंडीखतासाठी रात्रीची मेंढरं रानात बसवायची होती, आणि धनगर एकाच रात्रीसाठी थांबायला तयार होता. मला त्याला तीन रात्रींसाठी राजी करायचं होतं.